प्लॉट आपला, पण कागद कुणाचा?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आखाजीला चार-आठ दिवस राहिले होते. अमळनेरकडचे एक निवृत्त शिक्षक भर उन्हात माझ्याकडे आले. हातात एक प्लास्टिकची पिशवी. त्या पिशवीत त्यांची वीस-बावीस वर्षांची पुंजी होती. १९९६ साली त्यांनी जळगावच्या बाहेर एक प्लॉट घेतला होता. नातवाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून आता तो विकायला काढला होता. गिऱ्हाईकही चांगले मिळाले होते. पण गिऱ्हाईकाच्या बँकेने कर्ज नाकारले. कारण एकच दिले होते, विकणारा मालक नाही.

"वकीलसाहेब, हाऊ प्लॉट मना शे," गुरुजी पुन्हा पुन्हा सांगत होते. मी पिशवीतले कागद टेबलावर मांडले. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचे साठेखत, पैसे मिळाल्याची पावती, एक मुखत्यारपत्र आणि सातबाऱ्याची झेरॉक्स. सातबाऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचे. खरेदीखत मात्र कुठेच नव्हते. मुद्रांकाचे पैसे वाचतील म्हणून आणि समोरचा माणूस सोयऱ्यांपैकीच होता म्हणून "नंतर करू" असे ठरले, आणि ते नंतर कधी उजाडलेच नाही. पैसे पूर्ण दिले होते, चारी बाजूंनी तारेचे कुंपण होते, दरवर्षी गुरुजी जाऊन गवत काढून येत. तरीही कायद्याच्या दृष्टीने तो प्लॉट त्यांचा नव्हता. हे त्यांना कसे सांगावे, हेच मला कळेना.

आपल्या खानदेशात कापसाचे किंवा केळीचे चार पैसे हाती आले, नोकरदाराची ग्रॅच्युइटी आली, की ते दोनच ठिकाणी जातात. एक सोन्यात आणि दुसरे प्लॉटमध्ये. जळगावच्या सराफ बाजारातून आणलेले सोने तिजोरीत ठेवले की निश्चिंत होता येते. जमिनीचे तसे नाही. जमीन हातात धरता येत नाही, ती कागदाने धरावी लागते. म्हणून प्लॉट, शेत किंवा गाळा घेताना तीन प्रश्न विचारायलाच हवेत. ही मिळकत विकणाऱ्याकडे कशी आली? ती विकायचा त्याला अधिकार आहे का? आणि माझ्यानंतर ती कुणाकडे आणि कशी जाईल? आज या तीन प्रश्नांबद्दलच बोलायचे आहे.

आधी मालकी कशाने येते ते पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत केवळ नोंदणीकृत खरेदीखतानेच विकली जाते. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. त्याने मालकी मिळत नाही. विकणारा उलटला तर कोर्टात जाऊन खरेदीखत करून मागण्याचा हक्क तेवढा मिळतो. त्यालाही मुदत असते, सामान्यतः ३ वर्षांची. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून.

मुखत्यारपत्राचेही तसेच. आपल्या वतीने काम करायला आपण दुसऱ्याला दिलेला तो अधिकार असतो. तो देणारा माणूस वारला की साधे मुखत्यारपत्र संपते. तरीही साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र बांधून प्लॉट 'विकण्याची' पद्धत देशभर पसरली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की अशा व्यवहाराने मालकी जात नाही आणि येतही नाही.

खरेदीखत झाले की ते सह्या झाल्यापासून ४ महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी सादर करावे लागते. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम किंवा सरकारी बाजारमूल्य, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. जळगाव किंवा धुळे महापालिकेच्या हद्दीत सध्या ते अधिभारासह साधारण ६ टक्के पडते. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. हा खर्च टाळावासा वाटतो, हे मी जाणतो. गुरुजींनीही तोच टाळला होता.

आता सातबाऱ्याकडे वळू. आपल्याकडे सातबारा म्हणजे जणू देवघरातला कागद. पण तो मुळात महसुलाचा कागद आहे. गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाकडे कोणत्या हक्काने आहे ते लिहितात, आणि १२ मध्ये तिच्यात काय पिकते ते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार ही नोंद, खोटी ठरेपर्यंत, खरी मानली जाते. पण त्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. फेरफार नोंद हा मालकी बदलल्याचा परिणाम असतो. मालकी बदलते ती खरेदीखताने, वारसाने, बक्षीसपत्राने किंवा कोर्टाच्या हुकमाने. उलट, खरेदीखत होऊनही फेरफार करून घेतला नाही, तर जुन्याच नावावर दुसरा व्यवहार होण्याची भीती राहते. म्हणून दोन्ही हवे. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस असतात. नंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात किंवा वादाची असेल तर तिची चौकशी होते.

सातबारा घेतला की बहुतेक जण फक्त नाव पाहतात. माझे सांगणे असे, की नावाबरोबर आणखी दोन जागा पाहा. पहिली, भूधारणा पद्धती. तिथे 'भोगवटादार वर्ग १' असेल तर जमीन साधारणपणे मोकळी. 'वर्ग २' असेल तर थांबा. ती जमीन सरकारने अटीवर दिलेली, वतनाची किंवा कुळकायद्यात मिळालेली असू शकते, आणि परवानगीशिवाय किंवा नजराणा भरल्याशिवाय तिची विक्री होत नाही. दुसरी जागा 'इतर हक्क' या रकान्याची. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचे तारण, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम हे सारे तिथे दिसते. सिटी सर्व्हेच्या हद्दीत सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असते. तिथेही हेच पाहायचे.

मुळात विकताच येत नाहीत किंवा सहज विकता येत नाहीत, अशाही काही जमिनी असतात. आपल्या भागात यातली सर्वांत मोठी गोष्ट आदिवासींच्या जमिनीची. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत अशी जमीन स्वस्तात मिळते म्हणून सांगणारे दलाल भेटतात. त्यांना इतिहास ठाऊक नसतो किंवा ते तो सांगत नाहीत. पश्चिम खानदेशात भिल्लांच्या जमिनी कर्जापोटी, अंगठ्यापोटी हातोहात गेल्या. १९७० च्या सुमारास शहादा भागात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने त्याविरुद्ध लढा उभा केला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ साली. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न राज्यभर गाजला आणि १९७४ मध्ये महाराष्ट्राने कायदे केले. तेव्हापासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती देण्याआधी राज्य शासनाची मान्यता लागते. त्याशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या अनेक जमिनी परत करण्याची तरतूदही त्यात होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ती योग्य ठरवली. वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा तर वारसाला जातो, पण विकता येतच नाही. ज्याच्या जगण्याच्या आधारासाठी हा कायदा झाला, त्याची जमीन पळवाटेने घेणे हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यात आपले पैसेही बुडतात.

दुसरी अडचण कुळकायद्याची. १९४८ च्या या कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. तिसरी अडचण तुकड्यांची. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरलेल्या क्षेत्राहून लहान शेततुकडा विकायला बंदी घातली. तरी शहरांच्या कडेला एक-दोन गुंठे पाडून विक्री झालीच. ती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली, आणि तुकडेबंदीतही शासनाने अलीकडे सवलती दिल्या. पण जुने नियमित करणे वेगळे आणि नवीन तुकडा घेणे वेगळे. प्लॉट घेताना एकच गोष्ट धरून बसा, मंजूर रेखांकन. म्हणजे ले-आउटचा सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेला नकाशा. त्यात तुमच्या प्लॉटचा नंबर, रस्ता आणि मोकळी जागा दिसली पाहिजे. हातात रंगीत माहितीपत्रक असणे म्हणजे मंजुरी असणे नव्हे. अगदी छोटे प्रकल्प सोडले, तर प्लॉट किंवा फ्लॅट विकण्याआधी महारेराकडे नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की घरबसल्या खातरजमा होते.

मनमाड-इंदूर रेल्वेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. अशी बातमी आली की आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढतात. तेव्हा एवढे लक्षात ठेवा, की २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली एखाद्या जमिनीसाठी प्राथमिक अधिसूचना निघाली, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना तिचा व्यवहार करता येत नाही. रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्गांसाठी भूसंपादनाच्या वेगळ्या तरतुदी आहेत. म्हणून इसार देण्याआधी तो गट संपादनात आहे का, हे प्रांत कार्यालयात विचारून घ्या.

आणखी एक फरक सांगतो, मालकी आणि भाडेपट्टा यातला. जळगावकरांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. महापालिकेच्या अनेक व्यापारी संकुलांतील गाळ्यांच्या भाडेपट्ट्याची मुदत २०१२ साली संपली. पुढे थकीत भाडे, नूतनीकरण आणि लिलाव यांवरून वर्षानुवर्षे वाद चालला. गाळेधारकांनी तिथे आयुष्य घालवले, धंदा उभा केला. त्यांची बाजू बोलायला अनेक जण आहेत आणि महापालिकेचीही बाजू आहे. मी त्यात पडत नाही. आपण एवढेच शिकायचे, की अनामत भरून घेतलेला गाळा हा मालकीचा नसतो, मुदतीचा असतो. गाळा किंवा औद्योगिक वसाहतीतला भूखंड गुंतवणूक म्हणून घेताना पट्टा किती वर्षांचा, त्यातली किती उरली आणि हस्तांतराला कुणाची संमती लागते, हे आधी वाचा.

आता सह्यांचा प्रश्न. माझ्याकडे येणाऱ्या जमिनीच्या भांडणांपैकी बरीच या एका ठिकाणी सुरू होतात. भाऊ विकतो, बहिणीला कळवत नाही. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवसांत कुणीतरी हळूच हक्कसोडाचा कागद पुढे करतो. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. तिने मनापासून सोडले असेल तर तो तिचा मोठेपणा आहे. पण तो हक्क तिचा आहे, हे आधी मान्य करावे लागेल. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनिता शर्मा खटल्यात सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर वाटणी झाली असेल तर ती मात्र कायम राहते. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना समान हिस्से मिळतात. मुस्लिम कुटुंबांत त्यांच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे हिस्से ठरतात, आणि तिथेही मुलीला वाटा आहेच. म्हणून घेणाऱ्याने वारसांची यादी मागावी आणि प्रत्येकाची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे. एखाद्या अज्ञान मुलाच्या स्वतःच्या नावे मिळकत असेल, तर पालकाला ती विकायला कोर्टाची परवानगी लागते.

मग प्रत्यक्षात काय करायचे? निदान ३० वर्षांचे फेरफार आणि सूची क्रमांक दोनचे उतारे काढून वकिलाकडून शोध घ्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा आता १५ रुपयांत निघतो, तो ताजा काढा, दलालाची झेरॉक्स नको. जागेवर जाऊन शेजारच्या दोन शेतकऱ्यांशी बोला. कागदात न सापडणारे पुष्कळ काही ते सांगतात. पैसे बँकेतून द्या. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. शिवाय रोखीचा पुरावा राहत नाही. व्यवहार ५० लाखांचा किंवा वरचा असेल, तर घेणाऱ्याने साधारणपणे १ टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो. आणि पुढे विकताना २४ महिन्यांहून जास्त काळ धरलेल्या मिळकतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाईचा हिशेब धरून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. जो कमी पडेल तो.

शेवटचा प्रश्न, आपल्यानंतर काय? मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. हयातीतच द्यायचे असेल तर बक्षीसपत्र, आणि त्याची नोंदणी मात्र लागतेच. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना देताना मुद्रांक अवघा २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. मात्र मोकळ्या प्लॉटला ती सवलत गृहीत धरू नका. आणि नॉमिनीचे नाव लावले म्हणजे तो मालक झाला, असेही समजू नका. वारसांचे हक्क त्याने संपत नाहीत. कुणी वारले तर ३ महिन्यांच्या आत वारसाची नोंद करायला अर्ज द्या. दोन पिढ्यांची नोंद राहिली की वारसांची संख्या चारावरून चाळीसावर जाते.

आता गुरुजींचे काय झाले ते सांगतो. त्यातल्या त्यात नशीब एवढे, की ते रेखांकन मंजूर होते, जमीन वर्ग १ होती. पण ज्याने साठेखत केले तो शेतकरी वारला होता. म्हणजे मुखत्यारपत्र संपले. कोर्टात जावे तर मुदतीचा वाद समोर उभा. आम्ही वारस शोधले. पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. मुलगे तयार झाले, आईने अंगठा दिला, थोरली मुलगी सुरतहून येऊन गेली. धाकटी अडली. ती म्हणाली, "बाबांनी पैसे घेतले असतील, भावांनी ते वापरले असतील. मला काय मिळाले?" गुरुजींना राग आला. मला मात्र तिच्या बोलण्यात चूक दिसेना. शेवटी गुरुजींनीच तिच्या घरी जाऊन लुगडे आणि काही रक्कम दिली. तिने ती परत केली, लुगडे ठेवले आणि सही केली. खरेदीखत झाले, आजच्या दराने मुद्रांक भरून. १९९६ साली वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च आला. ते गिऱ्हाईक तोवर निघून गेले होते. नातवाची पहिल्या वर्षाची फी गुरुजींनी कर्ज काढून भरली.

हे प्रकरण कायद्याने सुटले नाही, एका बाईच्या चांगुलपणाने सुटले. प्रत्येकाच्या वाट्याला असे वारस येतीलच असे नाही. म्हणून घरी जाऊन आज एक काम करा. कपाटातली ती पिशवी काढा, त्यात नोंदणीकृत खरेदीखत आहे का पाहा, आणि सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर आपले नाव लागले आहे का तेही पाहा. नसेल, तर विकणारा हयात आहे तोवर त्याला गाठा.